क्लोज, पर्सनल, प्रायव्हेट : जवळिकीचे आणि आडपडद्याचे इंग्रजी शब्द

'क्लोज' हा शब्द मराठीत एकाच तऱ्हेने लिहितात, इंग्रजीत मात्र तो दोन तऱ्हांनी बोलतात. दुकान बंद करायचे असेल तर शेवटी 'जाग' शब्दातल्या 'ज'च्या जवळचा आवाज येतो. मित्र जवळचा असेल तर शेवटी स्वच्छ 'स' येतो, म्हणजे 'क्लोस फ्रेंड'. मराठी माणूस दोन्हीकडे 'ज'च म्हणतो, कारण कानावर पडण्याआधी तो शब्द त्याने देवनागरीत वाचलेला असतो. ऐकणारा समजून घेतो, तेव्हा ही चूक तशी खपून जाते. पण जवळिकीच्या आणि खासगीपणाच्या इंग्रजी शब्दांत जे घडते, त्याचा हा चांगला नमुना आहे. इथे अनोळखी शब्द फारसा त्रास देत नाही. दगा देतो तो रोजच्या तोंडातला शब्द.

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या स्टँडवर 'प्रायव्हेट' म्हणजे एसटी नसलेली गाडी. 'पर्सनल' म्हणजे बँकेचे कर्ज, नाहीतर व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडून एकट्याला पाठवलेला मेसेज. 'रिलेशन' म्हणजे प्रेमप्रकरण, 'अफेअर' म्हणजेही तेच, आणि 'इंटिमेट' हा शब्द तहसीलच्या पत्रात भेटतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे हे शब्द येत नाहीत असा मुलगा अकोल्याच्या कॉलेजात जाणाऱ्या गाडीत सापडायचा नाही. त्याला ते नव्याने शिकायचे नसतात, चुकीचे लागलेले वळण मोडायचे असते, आणि ते काम जास्त किचकट आहे.

जवळचा म्हणजे किती जवळचा

मराठीत घर जवळ असते आणि माणूसही जवळचा असतो. इंग्रजीत 'निअर' हा मुख्यतः अंतराचा शब्द आहे. घर स्टेशनच्या 'निअर' चालते, मित्र 'निअर' चालत नाही, त्याला 'क्लोज'च लागतो. अपवाद नात्यांचा. 'निअर रिलेटिव्ह' बरोबर आहे, कारण वंशवेलीवर नाती खरोखरच मोजून जवळ-लांब असतात. श्रद्धांजलीच्या जाहिरातींतले 'निअर अँड डिअर वन्स' हेही त्याच घरातले. 'क्लोज'च्या पुढे 'टू' येतो : मुलगी आईच्या जवळची असेल तर 'शी इज क्लोज टू हर मदर'. लग्न, साखरपुडा आणि नाते यांनाही 'टू' लागतो. 'मॅरिड विथ' ही चूक मराठीतल्या 'च्याशी'मुळे होते; बरोबर आहे 'मॅरिड टू', 'एंगेज्ड टू', 'रिलेटेड टू'. मैत्रीला मात्र 'विथ' लागतो, आणि एकाच मित्राबद्दल बोलतानाही शब्द अनेकवचनी होतो : 'आय ॲम फ्रेंड्स विथ हिम'. विचित्र वाटले तरी ते तसेच आहे.

'ओळखीचा' या शब्दाने तर पिढ्यान्‌पिढ्या फसवले आहे. 'ही इज माय नोन' हे वाक्य वऱ्हाडात सर्रास ऐकू येते, पण इंग्रजीत ते वाक्यच नाही. 'आय नो हिम' एवढे पुरते. नामच हवे असेल तर 'ॲक्वेंटन्स' आहे. तो म्हणजे भेटलो तर रामराम होतो, एवढ्यापुरता माणूस. इंग्रजी माणूस पायऱ्या नीट राखतो. आधी स्ट्रेंजर, मग ॲक्वेंटन्स, मग फ्रेंड, मग क्लोज फ्रेंड. एका कचेरीत काम करणारा 'कलीग' असतो, मैत्री झाल्याशिवाय तो 'फ्रेंड' होत नाही. ज्या मुलखात चहाच्या टपरीवर पहिल्या घोटालाच समोरचा 'भाऊ' होतो, तिथल्या माणसाला या पायऱ्या कोरड्या वाटतात. त्या तशा आहेतही. पण मुलाखतीत 'माय फ्रेंड' म्हणून सांगितलेला माणूस प्रत्यक्षात वरिष्ठ निघाला, तर समोरच्याच्या मनात उगाच शंका येते.

'फॅमिलिअर' हा शब्द 'फॅमिली'शी जोडून लक्षात ठेवतात. त्यात चूक नाही, पण त्याची दिशा सांभाळावी लागते. चेहरा ओळखीचा असेल तर तो आपल्याला 'फॅमिलिअर टू' असतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर येत असेल तर आपण त्याच्याशी 'फॅमिलिअर विथ' असतो. आणि माणूस माणसाशी 'टू फॅमिलिअर' झाला, इथे 'टू' म्हणजे जरा जास्तच, तर ती तक्रार असते. मराठीत तिला 'सलगी' हा नेमका शब्द आहे. खरे तर या प्रांतात मराठी इंग्रजीहून श्रीमंत आहे. जवळीक साधी, सलगी थोडी आगाऊ, लगट नकोशी, घरोबा दोन कुटुंबांतला, लळा लहान मुलाला किंवा वासराला लागतो तो, जिव्हाळा त्याहून शांत. इंग्रजीत यांतल्या बऱ्याचशा छटा शब्दांत मिळत नाहीत, वाक्यात उभ्या कराव्या लागतात. घरोब्याला 'आवर फॅमिलीज आर क्लोज' म्हणावे, एकाच शब्दाच्या मागे लागू नये. लंगोटी यार हा 'चाइल्डहुड फ्रेंड' होतो. शब्दशः भाषांतर केल्यास काय होईल ते सांगायला नको.

सगळ्यांत जपून वापरायचा शब्द 'इंटिमेट'. याचेही उच्चार दोन आहेत. क्रियापद असेल तर शेवट 'मेट', विशेषण असेल तर शेवट 'मट'. सरकारी पत्रातला 'काइंडली इंटिमेट द अंडरसाइन्ड' म्हणजे खाली सही करणाऱ्याला कळवावे. भारतीय कचेऱ्यांत तो पक्का रुजला आहे आणि इथल्या पत्रव्यवहारात चुकीचा नाही. बाहेरच्या कंपनीला लिहिताना मात्र 'लेट यू नो' किंवा 'इन्फॉर्म' बरे, कारण इंग्रजांच्या रोजच्या भाषेत 'इंटिमेट' या क्रियापदाचा रोख आडून सुचवण्याकडे जातो. विशेषणाची गोष्ट वेगळी. जुन्या भाषांतरमालांत 'जिवलग मित्र' म्हणजे 'इंटिमेट फ्रेंड' असे दिलेले असे, आणि तेव्हा ते ठीक होते. आज दोन माणसांबद्दल 'इंटिमेट' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शरीरसंबंध येतो. एखाद्या मुलीने परिचय देताना वर्गमित्राला 'इंटिमेट फ्रेंड' म्हटले, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही खोलीत शांतता पसरते. तिथे 'क्लोज' किंवा 'बेस्ट' वापरावा. वस्तू आणि प्रसंग यांना 'इंटिमेट' निर्धास्त लावता येतो : मोजक्या माणसांची गाण्याची बैठक 'इंटिमेट' असते, एखाद्या विषयाचे सखोल ज्ञानही 'इंटिमेट' असते.

'रिलेशन', 'रिलेटिव्ह' आणि 'रिलेशनशिप' यांची गल्लत अशीच. नातेवाईक म्हणजे 'रिलेटिव्ह'. 'रिलेशन' त्या अर्थी चालतो, पण थोडा जुना वाटतो. 'रिलेशनशिप' म्हणजे कोणतेही नाते, अगदी बँकेचे ग्राहकाशी असलेलेसुद्धा. पण 'इन अ रिलेशनशिप' म्हटले की ते प्रेमाचेच. 'अफेअर' हा शब्द अविवाहित मुलामुलींच्या प्रेमाला लावणे ही आपल्याकडची सवय. इंग्रजीत त्याला चोरीचा वास येतो, बहुधा लग्नाच्या जोडीदाराशी केलेल्या प्रतारणेचा. अनेकवचनात मात्र तो एकदम सोवळा होतो. 'करंट अफेअर्स' म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडी.

चुलते, साडू आणि इवाई

नात्यांच्या बाबतीत मराठी माणसाची अडचण उलटी. त्याच्याकडे शब्द जास्त आहेत आणि इंग्रजीने त्याला ते ठेवायला जागा दिलेली नाही. चुलत, मामे, मावस आणि आते अशी चारही भावंडे 'कझिन' या एकाच खुंटीला टांगायची. 'कझिन ब्रदर' भारतात चालते, बाहेर ऐकणारा गोंधळतो. भाऊ की बहीण ते पुढच्या 'ही' किंवा 'शी'वरून कळते. 'सख्खा भाऊ' सांगायला 'रियल ब्रदर' किंवा 'ओन ब्रदर' म्हणायची गरज नसते. इंग्रजीत 'ब्रदर' म्हटला की तो सख्खाच, आणि 'रियल' जोडला तर बाकीचे खोटे होते की काय असे वाटते. वहिनी, मेहुणी, नणंद आणि जाऊ या चौघींना एकच 'सिस्टर-इन-लॉ'. साडूला 'को-ब्रदर' म्हणायची पद्धत भारतातली. बाहेर 'माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड' असा लांबचा रस्ता धरावा लागतो. व्याह्याला, म्हणजे वऱ्हाडातल्या इवायाला, रोजच्या इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही. 'माय डॉटर्स फादर-इन-लॉ' असे सरळ सांगावे. ज्याच्यासाठी इथे धोतरजोडी आणि मानपान लागतो, त्याच्यासाठी त्या भाषेने एक शब्दही राखलेला नाही.

'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतले अंतर इंग्रजीने कधीच टाकून दिले. तिथे सगळे 'यू'. मग जवळीक दाखवायची कशी? तर नावाने. माणूस 'मिस्टर' सोडून पहिल्या नावाने हाक मारू लागला की पायरी ओलांडली असे समजतात, आणि अशा संबंधाला 'ऑन फर्स्ट-नेम टर्म्स' म्हणतात. वयाने मोठ्या अनोळखी माणसाला 'अंकल', 'आंटी' म्हणण्याची आपली पद्धत तिकडे अनेकांना रुचत नाही. चिनी भाषिकही अनोळखी प्रौढांना काका-मावशीच म्हणतात, आणि इंग्रजी शिकताना हीच ठेच त्यांनाही लागते.

दाराच्या आत कोण, बाहेर कोण

खासगीपणाच्या इंग्रजी शब्दांना एक प्रश्न विचारला की ते आपोआप वेगळे होतात. दाराबाहेर कोणाला ठेवले आहे?

'प्रायव्हेट'मध्ये लोक बाहेर असतात. प्रायव्हेट शाळा, प्रायव्हेट दवाखाना यांत सरकार बाहेर असते. प्रायव्हेट रस्ता किंवा प्रायव्हेट बैठक असेल तर सर्वसामान्य माणूस बाहेर. मराठीतला 'खासगी' नेमका याच मापाचा आहे. तो मुळात दरबारी. राजाच्या किंवा सरदाराच्या घरच्या उत्पन्नाला दौलतीच्या उत्पन्नापासून वेगळे ठेवण्यासाठी 'खासगी' म्हणत. होळकरांच्या खासगीचे नाव अजून इंदुरात टिकून आहे. कोणाला बाजूला घेऊन बोलायचे असेल तर 'इन प्रायव्हेट' किंवा 'प्रायव्हेटली' म्हणावे. 'पर्सनलवर मेसेज कर' याचे इंग्रजी 'मेसेज मी प्रायव्हेटली'. 'पर्सनली' म्हणजे जातीने, स्वतः, किंवा 'माझ्यापुरते विचाराल तर'. साहेबांना पत्र 'पर्सनली' दिले म्हणजे कोणाच्या हाती न पाठवता स्वतः नेऊन दिले. तिथे दार बंद होते की उघडे, याच्याशी संबंध नाही.

'पर्सनल'मध्ये दारच नसते. ती गोष्ट त्या माणसाची, एवढेच. दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला असतो. गावभर माहीत असलेली ती माहिती प्रायव्हेट मुळीच नाही, पण पर्सनल आहेच. ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते ती पर्सनल, या समजुतीवरच भारताच्या २०२३च्या कायद्यात 'डिजिटल पर्सनल डेटा' हे शब्द आले आहेत.

'कॉन्फिडेन्शियल'मध्ये निदान दोन माणसे दाराच्या आत असतात. मुळाशी विश्वास आहे. रुग्णाने डॉक्टरला आणि पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट ती. सरकारी नोकरांचा पूर्वीचा 'सीआर', म्हणजे गोपनीय अहवाल, याच जातीचा. क्रियापद 'कनफाइड', त्याच्यापुढे 'इन' : 'शी कनफाइडेड इन हर सिस्टर', बहिणीपाशी मन मोकळे केले. 'कॉन्फिडंट' आणि 'कॉन्फिडांट' हे कानाला भाऊ-भाऊ वाटतात. पहिला म्हणजे आत्मविश्वास असलेला, दुसरा म्हणजे ज्याच्यापाशी पोटातले सांगतो तो. 'सिक्रेट'मध्ये मात्र दार आहे हेच लपवलेले असते. १९२३चा सरकारी गुपितांचा कायदा 'सिक्रेट्स'चा आहे, मतपेटीतले मत 'सिक्रेट बॅलट'ने पडते. गुपित ठेवायचे ते कोणापासून, हे 'फ्रॉम'ने सांगतात.

आता 'प्रायव्हसी'. भारतात आणि अमेरिकेत उच्चार 'प्रायव्हसी'. ब्रिटनमध्ये पुष्कळदा 'प्रिव्हसी' ऐकू येतो, तेव्हा दचकू नये. मराठी वृत्तपत्रे त्याला 'गोपनीयता' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण मंत्री शपथ घेतात तीही पद आणि गोपनीयतेची, आणि ती इंग्रजीत 'सिक्रसी' आहे. दोन निराळ्या कल्पनांना एकच मराठी शब्द मिळाल्याने, प्रायव्हसी मागणारा काहीतरी लपवतो आहे असे वाटू लागते. न्हाणीघराचे उदाहरण घ्यावे. माणूस आत गेला, कडी लावली, पाण्याचा आवाज येतो आहे. तो आत काय करतो ते ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. गुपित काहीच नाही, तरी दार लावलेलेच हवे. ही प्रायव्हसी. तिला 'खासगीपणा' हा शब्द जास्त शोभतो, जिभेला थोडा जड असला तरी.

या शब्दाला कायद्याचे वजन आले ते १८९० साली. बोस्टनच्या वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी, घरात नाक खुपसणाऱ्या वृत्तपत्रांना आणि नव्याने आलेल्या झटपट छायाचित्रांना वैतागून 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त लेख लिहिला. माणसाला त्याच्या वाटेने राहू देणे हा हक्क आहे, असा त्याचा आशय. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या पीठात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत मागे जाऊन ही कल्पना परदेशी नसल्याचे दाखवले. शब्द उसना असला तरी गरज जुनीच आहे. 'गोपनीयता' शब्दासारखीच अडचण चिनी भाषेतही आहे. तिथे प्रायव्हसीला 'यिन्सी' म्हणतात. त्यातला 'यिन' म्हणजे झाकलेले, आणि 'सी' या अक्षराला स्वार्थाचाही वास आहे. प्रायव्हसी मागताना ही छाया आड येऊ शकते.

एकटेपणाच्या तीन शब्दांकडेही इथेच बघून घ्यावे. 'अलोन' म्हणजे सोबत कोणी नाही, इतकेच. 'लोनली' म्हणजे एकाकी, त्यात दुःख आहे. 'सॉलिट्यूड' म्हणजे हवासा एकांत. घरचे शेगावला गेले आहेत आणि मुलगा परीक्षेसाठी मागे राहिला आहे, तर तो 'अलोन' असतो. त्याने 'आय ॲम लोनली' असे कळवले तर घरचे पहिल्या गाडीने परततील. आणि ज्या खोलीत मोजक्यांनाच प्रवेश असतो, तिच्यासाठी इंग्रजीत 'इनर सँक्टम' आहे. तो शब्द शिकायला बार्शीटाकळीइतके सोयीचे गाव नाही. इथल्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळात शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६चा शिलालेख आहे. मंडपात कोणीही बसावे, गाभाऱ्यात मोजक्यांनीच जावे, हा 'सँक्टम'चा मूळ अर्थ. मोठ्या साहेबांच्या आतल्या खोलीला तो नंतर थट्टेने चिकटला.

विचारावे कसे, टाळावे कसे

अकोला–पूर्णा मार्गावरच्या गाडीत खिडकी मिळालेला माणूस समोरच्याला विचारतो, "कोण्या गावचे हो तुमी?" पुढच्या स्टेशनाच्या आत, "लेकरं किती? पोरगं काय करते? पगार किती भेटते?" यात आगाऊपणा नसतो. आपुलकी दाखवायची ही रीत आहे, न विचारणाराच तुसडा ठरतो. हेच प्रश्न इंग्रजीत गेले की 'पर्सनल क्वेश्चन्स' होतात. पगार, वय, लग्न, मूल का नाही, वजन आणि धर्म ही त्यांतली नावाजलेली. विचारणे भागच असेल तर आधी 'इफ यू डोंट माइंड माय आस्किंग' जोडतात. हे वाक्य अख्खेच पाठ करावे. उत्तर द्यायचे नसेल तर 'आय वुड रादर नॉट से' पुरते. त्यात भांडण नाही. 'इट्स नन ऑफ युवर बिझनेस' सिनेमात ऐकून पाठ होते, पण त्याचा मराठी अर्थ 'तुला काय करायचे बे' याच्या जवळ जातो. ते मित्राशिवाय कोणाला म्हणू नये.

शरीराच्या अंतरालाही इंग्रजीत शब्द आहेत. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६च्या पुस्तकात ते चार पट्ट्यांत मांडले. साधारण दीड फुटापर्यंत 'इंटिमेट', चार फुटांपर्यंत 'पर्सनल', बारा फुटांपर्यंत 'सोशल', त्यापलीकडे 'पब्लिक'. ही मापे त्याने अमेरिकी माणसांवरून घेतली. काळीपिवळीत चौथ्या सीटवर पाचवा बसवणाऱ्या मुलखात सगळा प्रवासच पहिल्या पट्टीत होतो. तरीही शब्द उपयोगाचे आहेत, आणि चौघांचा क्रम एकदा डोक्यात बसला की 'इंटिमेट' आणि 'पर्सनल' यांतला फरक पुन्हा चुकत नाही. 'पर्सनल स्पेस' म्हणजे तेच मोकळे अंतर. 'आय नीड सम स्पेस' असे जोडीदाराने म्हटले तर मात्र खोली मोठी करून उपयोग नसतो.

फॉर्मवर आणि फोनवर

या शब्दांची खरी परीक्षा होते ती फॉर्म भरताना. 'मॅरिटल स्टेटस' मॅरिड की अनमॅरिड ते विचारतो. तो 'मार्शल' किंवा 'मार्टियल' असा वाचून गडबडू नये. 'स्पाउज' म्हणजे नवरा किंवा बायको, जो लागू असेल तो. 'नेक्स्ट ऑफ किन' हा रकाना दवाखान्याच्या आणि नोकरीच्या फॉर्मवर असतो. त्यात सर्वांत जवळचा नातेवाईक लिहायचा, शेजारचा माणूस नाही. 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट'मध्ये शेजारी चालतो, कारण तिथे प्रश्न लवकर कोण पोहोचेल याचा आहे. 'नॉमिनी' म्हणजे पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते. 'डिपेंडंट' म्हणजे कमाईवर अवलंबून असलेला. 'गार्डियन' हा आईवडीलच असेल असे नाही. 'रिलेशनशिप विथ ॲप्लिकंट' या रकान्यात 'गुड' लिहिणारे उमेदवार असतात. तिथे 'फादर', 'अंकल' असे नाते हवे असते. आधारवरचा 'केअर ऑफ' एवढेच सांगतो की पत्र कोणाच्या नावे पोहोचेल, त्यातून नाते सिद्ध होत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात मागे रांग उभी असते. मालक मोठ्याने जन्मतारीख आणि नंबर विचारतो, आणि गिऱ्हाईक तितक्याच मोठ्याने सांगतो. त्याच वेळी हातातल्या फोनवर ओटीपीचा मेसेज येतो, त्यात 'डू नॉट शेअर' असे लिहिलेले असते. 'शेअर' म्हणजे इथे शेअरबाजार नाही आणि वाटणीही नाही. कोणालाही सांगू नका, बँकेचा म्हणवणाऱ्यालासुद्धा नाही. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीच्या पानावर 'एव्हरीवन', 'माय कॉन्टॅक्ट्स', 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' आणि 'नोबडी' असे पर्याय दिसतात. यांतला 'एक्सेप्ट' म्हणजे 'सोडून'. तो 'ॲक्सेप्ट', म्हणजे 'स्वीकारा', असा वाचला की फोटो ज्यांना दाखवायचा आहे त्यांचीच नावे निवडली जातात आणि यादी उलटी भरली जाते. इन्स्टाग्रामवर 'प्रायव्हेट अकाउंट' म्हणजे परवानगीशिवाय कोणी पाहू शकत नाही, आणि 'क्लोज फ्रेंड्स' म्हणजे आपण निवडलेली यादी. पहिल्या परिच्छेदातला 'स' इथेच वापरायचा आहे.